तज्ज्ञांचा पत्ता

नवा वाय-फाय अडॅप्टर मी सुरीने उघडला आणि जुन्याशेजारी ठेवला. खोका तोच, मॉडेलचं नावही तेच. आतली चिप मात्र कंपनीने गुपचूप बदललेली. हा अडॅप्टर लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर चालावा म्हणून मी हौसेने ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, लिहून सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवला होता. नव्या चिपला तो ओळखेचना, आणि जगभरातून शिव्या मला!

“कंपनीलाच विचार ना, काय बदललंय ते,” नवरा म्हणाला.

“विचारून विचारून थकले.”

जेवताना उत्तर आलं. हातातला घास खाली ठेवून मी मेल उघडला. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व. लिनक्ससंबंधी शंकांसाठी आमच्या तज्ज्ञांना थेट लिहा.’ खाली ईमेलचा पत्ता होता.

“चला, माणूस तरी सापडला,” नवरा म्हणाला. “कुणाचा पत्ता आहे?”

“माझा,” म्हणत मी तो घास परत उचलला.