वरचा थर

व्यापाऱ्याने पाटीत डोकावून पाहिले आणि नाक मुरडले. टोमॅटो होते, पण लिंबाएवढे.

"बाई, हा माल की मालाची पिल्लं?" तो म्हणाला. शेजारची रांग खदखदून हसली.

धाकट्या जावेने मान खाली घातली. थोरलीने पाट्यांवरून नजर फिरवली. वीस पाट्या, दोघींचा तीन महिन्यांचा घाम आणि मोठ्या बाजारातला पहिलाच दिवस. आजवर शेताच्या बांधावर येऊन माल उचलणाऱ्या दलालाला त्यांनी परवाच नको म्हटले होते. तो रागावला नव्हता. उलट प्रेमाने म्हणाला होता, "जाऊन या की. परत आणलात तर निम्म्या भावात घेईन. मी काय परका आहे?" असले प्रेम फार महागात पडते. आज माल परत गेला, तर यापुढे जन्मभर तो म्हणेल तोच भाव.

शेजारी एक मिशीवाला शेतकरी बसला होता. त्याच्या क्रेटमध्ये वर लालबुंद, मुठीएवढे टोमॅटो. खाली काय, ते त्यालाही ठाऊक आणि व्यापाऱ्यालाही. या बाजाराची रीतच ती. वर नवरदेव, खाली वऱ्हाडी. मिशीवाल्याला दोघींची दया आली.

"वहिनी, वरचा थर चांगला लावायचा असतो. एवढंही कुणी शिकवलं नाही?"

"वर मोठे भरले तर पाटी डोक्यावर डुलते हो," थोरली म्हणाली. "जड ते खालीच हवं."

शेतापासून टेम्पोपर्यंत अर्ध्या कोसाची चढण होती आणि टेम्पोवाला गाडी खाली शेतापर्यंत आणायला काही केल्या तयार नव्हता. पण हे सांगायला वेळ कुठे होता? हसू आता पार टोकापर्यंत पसरले होते.

पुढे निघालेला व्यापारी थबकला. वर ही पिल्ले, तर तळाशी काय घाण असेल, ते चारचौघांना दाखवायची त्याला हुक्की आली. त्याने पाटी उचलली आणि सरळ ताडपत्रीवर पालथी केली.

मुठीएवढे टोमॅटो घरंगळले. लालबुंद, एकावरही डाग नाही. हसणे जागच्या जागी थांबले. व्यापाऱ्याने दुसरी पाटी पालथी केली. तीही तशीच. तिसरीला त्याने हात घातला, तेव्हा थोरलीने पाटीवर आपला हात ठेवला.

"आता विकत घ्या आणि मग हव्या तेवढ्या पालथ्या करा."

वीसच्या वीस पाट्या गेल्या, त्याही त्या दिवसाच्या सर्वांत चढ्या भावाने. परत येताना धाकटी टेम्पोत इतकी हसली की तिला उचकी लागली.

बाजारात शहाणपण पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या आठवड्यात क्रेटमागून क्रेट वरून बारीक टोमॅटोंनी सजले होते. मिशीवाल्याने तर एकेक निवडून लावला होता. व्यापाऱ्याने मोठ्या आशेने कोपरापर्यंत हात खाली घातला. तळाशी नेहमीचेच वऱ्हाडी होते.

त्याने हात झटकला, टाचा उंचावून रांगेच्या टोकापर्यंत पाहिले आणि विचारले, "त्या पाटीवाल्या मालकीणबाई कुठे बसल्यात?"