थडग्यावरच्या तीन ओळी

"एवढी पेज पी गं माझी बाय," आफियानं वाटी पुढं केली. दोम्नानं तोंड फिरवलं. सात वर्षांची पोर आठ दिवस तापानं फणफणत होती, खोकून खोकून अर्धी झाली होती.

अंगणात दोम्नाचा बाप त्रोफिमोस थडग्याचा दगड कोरत बसला होता. कोरताना मोठ्यानं वाचायची त्याला सवयच. "जो कोणी या थडग्यात परकं शव ठेवील, त्याचं लेकरू अकाली जावो."

"जरा हळू वाच ना."

"तुला काय झालं आज? आपल्या फ्रिगियात ज्याच्यात्याच्या थडग्यावर हेच असतं."

तेच तर आफियाच्या जिवाला खात होतं. गेल्या हिवाळ्यात तिचं बाळ आठव्या दिवशी गेलं. दहाव्याला नाव ठेवायचं, ते राहूनच गेलं. बिननावाच्या बाळाला कोण दगड उभारतो? गोठलेल्या मातीत त्याला एकट्याला टाकवेना. वेशीबाहेर मळेवाल्या मेनोक्रातेसचं थडगं होतं, झाकणाचा कोपरा फुटलेला. पहाटे बर्फ तुडवत जाऊन तिनं त्या फटीतून गाठोडं आत सरकवलं. नवऱ्याला सांगितलं, ओढ्याकाठी पुरलं.

त्या थडग्यावर तीन ओळी आहेत हे तिला पुढं वसंतात दिसलं. वाचता कुठं येत होतं? पण दुसरं काय असणार? तेव्हापासून स्वप्नात बाळ रडायचं. आणि आता ही पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आफिया त्या थडग्यापाशी गेली. फटीत हात घातला. गाठोडं फार हलकं होतं. "चल बाळा, आपल्या घरी," ती म्हणाली. परसातल्या अंजिराखाली तिनं त्याला पुरलं.

दुपारी दोम्नानं आपणहून पेज मागितली. आफियाला रडूच फुटलं. तिनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. "फिटला रे शाप. काढून आणलं मी त्याला."

त्रोफिमोसच्या हातातली छिन्नी खाली पडली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "बर्फात तुझी पावलं होती. तेव्हा त्या दगडावर मेनोक्रातेसच्या नावाखेरीज काही नव्हतं. त्या ओळी मी कोरल्या. आपल्या बाळाला कुणी बाहेर फेकू नये म्हणून."

आत दोम्ना खोकली.

"काय कोरलंस?"

एरवी मोठ्यानं वाचणारा तो पुटपुटला, "आतल्या बाळाला जो कोणी इथून हलवील, त्याच्या घरात लेकरू म्हणून न उरो."