फरशीचा उतार

आमच्या दिवाणखान्यात सांडलेलं पाणी नेहमी खिडकीखालच्या कोपऱ्यात जमतं. सासूबाईंची चाकांची खुर्चीही तिकडेच घरंगळते, म्हणून मी चाकाला वीट लावते.

"फरशी नीट करून घेऊ या," असं मी नवऱ्याला किती वर्षं सांगतेय. तो त्याच फरशीवर गोल्फची काठी घेऊन आडव्या ठेवलेल्या पेल्यात चेंडू ढकलत असतो. "बघू," म्हणतो. "तोवर वीट आहे ना."

आज तो स्पर्धा हरून आला.

"तिथलं गवत सपाट होतं गं. मी सवयीने उजवीकडे नेम धरला, पण चेंडू डावीकडे वळलाच नाही."

"घरी वळतो," सासूबाई म्हणाल्या.

त्याने खिशातला चेंडू फरशीवर ठेवला. चेंडू घरंगळत खिडकीखालच्या कोपऱ्यात गेला. मी वीट पुन्हा चाकाशी सरकवली.

"उद्या गवंड्याला बोलाव," तो म्हणाला.