नको असलेलं आडनाव

अर्मीन डॉर्सेटचं बोट जुन्या करवहीतल्या एका ओळीवर थांबलं आणि ती खुर्चीतून अर्धी उठली.

"क्लिओफस, आपला प्रायमस सापडला," ती म्हणाली.

शेजारी पेंगणारा तिचा धाकटा भाऊ दचकला. ब्रिजटाउनच्या सरकारी दप्तरात बहिणीबरोबर यायचं ते पंख्याखाली डुलकी काढायला, एवढाच त्याला पूर्वजांत रस. पण हे नाव ऐकून तोही वहीवर वाकला. 'आपण प्रायमसची लेकरं' असं त्यांची आजी सांगायची. त्यापलीकडे तिलाही काही ठाऊक नव्हतं. आता तो समोर होता. मालकीण मर्सी डॉर्सेट, गुलाम एक, नाव प्रायमस, आणि पुढे त्याच्यापायी भरायच्या कराचा आकडा.

अर्मीनचा आपल्या आडनावावर जन्माचा राग. गुलामांना मालकाचं आडनाव चिकटे, हे बार्बाडोसमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शाळेत शिकवताना रोज हजेरीपटावर 'डॉर्सेट' अशी सही करायची तिला शिसारी येई. निवृत्त झाल्या झाल्या तिने ठरवलं, प्रायमसची बायको शोधायची, म्हणजे आपली मूळ आजी, आणि तिचं नाव आडनाव म्हणून लावायचं.

दप्तरातल्या ओडलबाईंनी पुढच्या वर्षांच्या वह्या आणून दिल्या. अर्मीन अधाशासारखी पानं उलटू लागली. मळेवाल्यांकडे शे-दीडशे गुलाम, मर्सीकडे दर वर्षी एकटा प्रायमस. कर कायम थकलेला. एका वर्षी वसुलीत तिची गाय गेली, एका वर्षी घरातली भांडी.

"गाय गेली, पण त्याला नाही विकला," अर्मीन म्हणाली. "बाईसाहेबांना हाताखाली माणूस हवाच ना. एकट्याला किती राबवलं असेल."

"मग सोडून तरी द्यायचं त्याला," क्लिओफस म्हणाला.

गुलामाला मुक्त करायचं तर मालकालाच सरकारात भलामोठा कर भरावा लागे, असं ओडलबाईंनी समजावलं. अर्मीनने नाक मुरडलं. कर वाचवायला जिता माणूस अडकवून ठेवायचा, म्हणजे चिकटपणाची हद्द झाली.

मर्सीचं मृत्युपत्रही होतं, पण ते वरच्या मजल्यावरून काढून आणायला दुपार होणार होती. गुलामांच्या बायकामुलांची नावं मालकाच्या मृत्युपत्रात बहुतेक असायचीच. मूळ आजी तिथे सापडणार, या कल्पनेने अर्मीनला बसवेना. वकिलाकडे आडनाव बदलायचे कागद कधीचे तयार होते, नव्या नावाची जागा तेवढी कोरी होती. ती भावाला ओढतच तिकडे घेऊन गेली.

"ताई, दुपारपर्यंत थांब की," क्लिओफस म्हणाला. "आजीचं नाव मिळालं की तेच घाल."

"आजीचं मागून जोडू. त्या बयेचं नाव आणखी एक दुपार कशाला वागवू मी?"

तिने झोकात 'अर्मीन प्रायमस' अशी सही ठोकली आणि भावालाही करायला लावली. वकिलाने शिक्का मारला. बाहेर आल्यावर अर्मीनला दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. तिने टपरीवर दोघांसाठी पावातला मासा घेतला, मॉबी हे झाडाच्या सालीचं कडू सरबत साखरेविना गटागटा प्यायली, आणि टपरीवालीने न विचारताच तिला आपलं नवं नाव सांगितलं. टपरीवाली सुटे पैसे परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. क्लिओफस हसून हसून बेजार झाला.

दुपारी ओडलबाईंनी मृत्युपत्र टेबलावर ठेवलं. अर्मीनने ते क्लिओफसच्या हातात कोंबलं.

"बायकोचं नाव कुठे आहे ते आधी बघ," ती म्हणाली.

तो अडखळत वाचू लागला. "मी मर्सी डॉर्सेट, कुणाची गुलाम नसलेली मोकळी काळी बाई, शिवणकामावर पोट भरणारी. करवहीत माझा गुलाम म्हणून लिहिलेला प्रायमस हा माझा नवरा आहे. मळ्यावरून घरी आणायचा म्हणून मी त्याला विकत घेतला. त्याच्या मुक्तीचा कर भरण्याइतके पैसे जन्मभर शिवूनही साठले नाहीत. माझ्यामागे त्याला आमच्या थोरल्याच्या नावावर करावं, म्हणजे दुसरं कुणी त्याला नेणार नाही. मुलांना द्यायला माझ्याकडे माझं आडनाव तेवढं आहे. ते मोकळ्या बाईचं आहे. त्यांनी ते टाकू नये."