मालनबाईचा नंबर

हट्ट्याच्या बाजारात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवून-उतरवून कय्युम पार थकला होता. वाचता न येणाऱ्यांचा नंबर तो सुई ओवायला लावून ठरवायचा. मालनबाई तर सलग पाचव्या बाजारी आली, तीही घरच्या सुया घेऊन. चष्मा लावून तिनं एकामागून एक सात सुयांत लांबच लांब दोरे ओवले, त्या पदराला टोचल्या अन् चष्मा काढला.

"न्हाई जमत, भाऊ. डोकं दुखतंय."

"बरं, मावशी."

ती गेल्यावर कय्युमनं तो चष्मा पुसून पेटीच्या तळाशी ठेवला.

शेजारचा बांगडीवाला म्हणाला, "म्हातारीचा नंबर काहून जमंना तुला?"

"नंबर पयल्याच बाजारी बराबर लागला."

"मंग तो चष्मा दुसऱ्याला ईक की!"

कय्युमनं पेटी मिटली. "तिची गोधडी व्हायची हाय अजून."