परवानगी द्या

तेलीबांधा भागातल्या एका कंपनीला ग्राहकांची खासगी माहिती जपणारं माणूस हवं होतं. अर्ज मात्र त्यांच्याच अ‍ॅपवर भरायचा. त्या भिकारड्या अ‍ॅपनं रुचिताचा बायोडाटा घेतला, त्यातलंच परत टाइप करून घेतलं, आणि फोनमधले सगळे नंबर बघू दिल्याशिवाय पुढचं पान उघडेना. शिव्या घालत तिनं परवानगी दिली. शेवटच्या प्रश्नावर पोचते न पोचते तोच शेजारी पेपर वाचणाऱ्या बाबांचा फोन वाजला. ते फोन नेहमी स्पीकरवरच घेत. पलीकडून कोणी अनोळखी एजंट बोलला: "बाबा कटकटजी बोल रहे हैं? बिटिया को जॉब दिलवाएँगे!" रुचिताच्या फोनात बाबा त्याच नावानं सेव्ह होते. बाबांनी चष्मा काढला. "मी तुले कटकट वाटतो काय वं, पोट्टे?" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्क्रीनवर प्रश्न तसाच होता: 'लोकांची माहिती कोणापासून जपाल?' दातओठ खात तिनं लिहिलं: 'तुमच्यापासून.'