नानांच्या घंटीचा चार्जर

चार्जरमधले दोन्ही सेल इतके तापले होते की सुनेनं ते चिमट्यानं काढून बशीत ठेवले. नवरा बशीवर वाकला.

"मेले," तो म्हणाला.

सेल नानांच्या घंटीचे होते. नाना म्हणजे तिचे सासरे. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ते आतल्या खोलीतल्या पलंगावर होते. उठायचं तर कुणीतरी धरायला हवं. म्हणून नवऱ्यानं बिनतारी घंटी आणली. बटण नानांच्या उशाशी, घंटी स्वयंपाकघरात. नाना बटण दाबत. पंखा कमी कर. पंखा वाढव. बाहेर कोण आलं होतं? घंटी सेल खात सुटली. मग नवऱ्यानं पुन्हा पुन्हा भरता येतील असे सेल आणले आणि मुलीच्या जुन्या खेळण्यातल्या मोटारीचा चार्जर त्यांना लावला. त्या चार्जरला भरणं माहीत होतं, थांबणं माहीत नव्हतं.

"मी खालच्या दुकानातून साधे सेल आणते," सून म्हणाली. "सोमवारी मला कामावर जायचंय."

ती चष्म्याच्या दुकानात होती. नानांसाठी घेतलेली रजा संपत आली होती. सोमवारी आला नाहीत तर दुसरं माणूस बघावं लागेल, असं मालकीणबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. नवरा घरूनच काम करायचा, पण बाहेरच्या खोलीत, दार लावून. घंटी त्याच्या टेबलावर ठेवायची आणि तिनं निघायचं, असं ठरलं होतं. घंटीच मुकी असेल तर निघणार कशी?

"साधे सेल?" नवऱ्यानं असं विचारलं, जणू तिनं शेजाऱ्यांकडे चोरी करायला सुचवलं होतं. "वापरा आणि फेका? आपण काय तसली माणसं आहोत? प्रश्न सेलचा नाहीच. चार्जरचा आहे. एकदाच घ्यायचा, पण योग्य घ्यायचा."

घंटी नाही म्हटल्यावर नानांजवळ कुणीतरी बसायला हवं. नवरा फोन घेऊन पलंगाच्या कडेला टेकला आणि योग्य चार्जरचा शोध सुरू झाला.

"नाना, हा बघा. स्वस्त आहे. सेल जोडीनं भरतो."

"जोडीतला एक अर्धा भरलेला असला तर?"

नवऱ्यानं वाचून पाहिलं. "तर दुसऱ्याचं होईपर्यंत त्याच्यातही ओतत राहतो."

"म्हणजे एकाचं पोट भरलं तरी त्याला वाढतच राहायचं. नको. पुढचा."

नाना एका कारखान्याच्या खरेदी खात्यातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांनी टाचणीसुद्धा चौकशीशिवाय घेतली नव्हती. झटपट भरणारा चार्जर त्यांनी नाकारला, कारण सेल लवकर म्हातारे होतात. सावकाश भरणारा नवऱ्यानं नाकारला, कारण तोवर माणसं म्हातारी होतात.

"तुला दहावीलाही घाईच होती," नाना म्हणाले.

"दहावी मध्येच कुठून आली?"

"घाईवरून आली."

सून भाजी चिरता चिरता ऐकत होती. ती लग्न होऊन आल्यापासून या बापलेकांचं बोलणं 'जेवलात?' आणि 'हो' एवढ्यावर भागत होतं. आता सकाळी एखादा छोटा पडदा असलेला चार्जर पसंत पडे, दुपारपर्यंत त्यात खोट निघे, संध्याकाळी नवा येई. चहा खोलीतच जाई. दाढीचं सामानही खोलीतच गेलं. शेवटी तिला राहवेना. ती दारात येऊन उभी राहिली.

"सून आणताना इतकी चौकशी केली नव्हती हो तुम्ही."

"तेव्हा नशीब चांगलं होतं," नाना म्हणाले. "दर वेळी असतं का?"

ती हसली नाही. म्हणजे तिथे नाही, स्वयंपाकघरात जाऊन हसली.

रविवारी चार्जर आला, सोबत नवे सेलही. प्रत्येक सेलला वेगळं घर, वेगळा दिवा, भरला की आपोआप बंद. सेल भरले. घंटी अशी खणखणली की शेजारच्यांनी दार उघडलं. नवऱ्यानं ती उचलून आपल्या टेबलावर ठेवली आणि हात झटकले.

"झालं! नाना, आता मी दार लावून निवांत काम करायला मोकळा. काही लागलं तर दाबा."

"हो. फारच सोय झाली," नाना म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

सोमवारी सकाळी सून पर्स अडकवून खोलीत आली. "नाना, मी निघायच्या आत एकदा दाबून बघा."

नानांनी दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. शांतताच.

नवरा धावत आला, परत गेला, घंटीतले सेल काढून चार्जरमध्ये लावले आणि दिवे पाहिले. "पूर्ण भरलेत!" तो दुखावलेल्या आवाजात ओरडला. "चार्जर बरोबरच आहे!" मग तो टेस्टर शोधायला लागला.

सुनेनं नानांची चादर सारखी केली. चादरीखाली एक चमचा होता. चमच्याशेजारी बटणाच्या पोटातला, नाण्याएवढा चपटा सेल होता. बटणाच्या झाकणावर ताजे ओरखडे होते. नाना छताकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

सेल आत सारायचा आणि निघायचं. क्षणभराचं काम होतं. तिनं तो उचलला, पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"अहो!" तिनं हाक मारली. "घंटीला काही झालेलं नाही. बटणातला सेल गेलाय. लॅपटॉप इकडे आणा आणि नानांजवळ बसूनच काम करा. मी निघाले."

"बटणातला?" नवरा टेस्टर हातात घेऊन दारात आला. "तो पण भरता येतो का?"

"येतो म्हणे," नाना छताला म्हणाले. "पण त्याला चार्जर वेगळा लागतो. फार वेगळा."